मोटारीचं शेपूट

काउंटीच्या माणसांनी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्यावर डांबर ओतलं, वरून धारदार खडी पसरली आणि आपली यंत्रं घेऊन ते निघून गेले. खडी दाबायचं काम त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाकांवर सोडलं होतं. मोटारींना त्याचं काहीच वाटलं नाही. घोड्यांनी दोन दिवस नाकं मुरडली आणि तेही सरावले. मेल्या त्या सायकली. उत्तर इंडियानाच्या त्या भागात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या घरटी चार-पाच सायकली. पंथाच्या नियमानं मोटार घ्यायची नाही आणि एवढ्यातेवढ्याला घोडा जुंपायचा कंटाळा, म्हणून बायकापुरुष, म्हातारेकोतारे सगळे सायकलवर. त्या आठवड्यात एकाचंही चाक धड राहिलं नाही.

फर्मन विंगार्डच्या सायकलदुरुस्तीच्या शेडपुढे सकाळी सहापासून पंक्चर सायकली येऊन टेकायच्या. दुसरा कोणी असता तर खुशीत असता. फर्मन मात्र शेडच्या दाराशी आरामखुर्चीत, छातीशी उशी कवटाळून बसलेला असायचा. उशी इस्पितळातली होती. जूनमध्ये डॉक्टरांनी त्याची छाती मधोमध उघडून पुन्हा तारेनं बांधली, तेव्हा खोकताना धरायला म्हणून ही उशी दिली. लालभडक, पत्त्यांतल्या बदामासारखी. त्याच्या बायकोनं, ओर्फानं, घरी आल्या आल्या तिला काळी खोळ शिवली.

"असली लाल उशी घेऊन दारात बसणार होतास?" ती म्हणाली. "लोक म्हणतील, विंगार्डचा म्हातारा चळला."

हाडं जुळली, पण हृदय काही पुरतं जुळलं नाही. डॉक्टर म्हणाला, चार लिटर दुधाच्या बरणीपेक्षा जड काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांपुरतं नव्हे, कायमचं. आता सायकलला हवा मारायची तर पंप ढकलण्यावाचून दुसरं काय असतं? ठिगळ लावणं, व्हॉल्व्ह बदलणं, आरे ताणणं हे सगळं फर्मन मांडीवर चाक घेऊन करू शकत होता. चाळीस वर्षांची बोटं होती ती, झोपेतही चुकली नसती. पण शेवटी हवा मारायची वेळ आली की तो पंपाकडे बघायचा आणि घरात हाक मारायचा, "ओर्फा!"

ओर्फा यायची. हाताला टोमॅटोचा लगदा नाहीतर पीठ लागलेलं, ते ॲप्रनला पुसत यायची आणि पंपावर वाकायची. एकोणसाठ वर्षांची बाई. तिसाव्या दट्ट्याला तिचे गाल लाल व्हायचे, चाळिसाव्याला टोपीच्या नाड्या सुटून पंपाबरोबर वरखाली व्हायच्या. फर्मन नजर दुसरीकडे वळवायचा. टायर भरला की ती अंगठ्यानं दाबून बघायची आणि विचारायची, "पुरे?"

तो अंगठा टेकवायचा. "अजून दहा."

"तुझा अंगठा माझा जीव घेणार आहे," ती म्हणायची आणि अजून दहा मारायची.

मग गिऱ्हाइकांनाच कीव यायला लागली. शेवयांच्या कारखान्यात जाणारी ट्रेव्हा लॅम्ब्राइट एके सकाळी आली. ठिगळ बसलं, टायर चढला आणि फर्मननं घराकडे तोंड केलं तोच ती म्हणाली, "राहू दे, फर्मन. तू बस. मीच मारते."

तिनं पंप ओढला, पायांत धरला आणि हां हां म्हणता चाक भरलं. बावीस वर्षांची पोरगी, तिला काय त्याचं! जाताना ती गोड हसली. त्यानंतर प्रत्येक जण "तू बस, फर्मन" म्हणायला लागला. कोणाच्याही मनात वावगं नव्हतं आणि तेच त्याला फार लागायचं. कोणी टोमणा मारला असता तर उलटा टोमणा मारता आला असता. चांगुलपणाला काय उत्तर द्यायचं? तो खुर्चीत बसून लोकांच्या पाठी बघायचा. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या पंपावर वाकलेल्या दुसऱ्यांच्या पाठी.

"प्रभुभोजनाच्या विधीपर्यंत बघू," एका संध्याकाळी त्यानं ओर्फाला सांगून टाकलं. "ऑक्टोबर संपला की कुलूप लावतो. हवा मारता येत नसेल तर सायकलचं दुकान कसलं?"

"आणि मग करशील काय?"

"बसेन."

त्या दिवशी ओर्फानं भांडी जरा जोरानंच घासली.

बसण्यात तो तसा तरबेज होत चालला होता. औषधांनी दुपारी डोळे जड व्हायचे. समोर मक्याचं शेत पिवळं पडत आलेलं, वारा सुटला की त्याची पानं कागदासारखी वाजायची आणि तो आवाज ऐकता ऐकता फर्मन झोपेत उतरायचा. झोपेत तो सायकलवर असायचा. पायांना जोर नाही, छातीला धाप नाही, मक्याच्या दोन रांगांमधून सायकल आपली चालली आहे. टायर इतके भरलेले की जमिनीला टेकतायत की नाही कळायचं नाही. बापाच्या शेतावरची जुनी पवनचक्की मागं पडायची, कधीचे मेलेले दोन घोडे कुंपणापाशी माना वर करून बघायचे. त्याला थांबावंसं वाटायचं नाही. जाग आली की पहिल्यांदा उशी हाताला लागायची.

एका शुक्रवारी लिलावातून ओर्फानं एक खोका आणला. लिलावात असे मिसळीचे खोके शेवटी शेवटी विकतात; आत काय आहे ते घेणाऱ्याचं नशीब. तिला वरच्या काचेच्या बरण्या हव्या होत्या. बरण्या काढून झाल्यावर तळाशी एक काळी डबी निघाली, पावाच्या लादीएवढी. तिला एक आखूड रबरी नळी, घड्याळासारखी एक छोटी तबकडी आणि लांबलचक तार होती.

फर्मन जागा झाला तेव्हा डबी त्याच्या मांडीवर होती आणि ओर्फा पलीकडं उभी राहून आकाशात काहीतरी बघत होती.

"हे काय?"

"मला काय ठाऊक? खोक्यात होतं. टाकून द्यायचं असेल तर दे."

त्यानं नळी बघितली, तबकडीवरचे आकडे वाचले. हवा मारायचं यंत्र होतं. मग तारेचं टोक हातात आलं आणि त्याचा चेहरा पडला. टोकाला एक जाडसर काळी खुंटी होती. मोटारीत विडी पेटवायचं भोक असतं, त्यात खुपसायची.

"मोटारीचं आहे."

"मोटारीला हे हवा मारतं की सायकलला, ते त्याला कुठं कळतंय?" ओर्फा म्हणाली आणि आत गेली.

फर्मन विचारात पडला. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नियमांत बॅटरी चालत होती. बग्गीचे दिवे बॅटरीवर, शेडमधलं ड्रिल बॅटरीवर, कोठाराच्या छपरावर सोलर पॅनलही होतं. पण मोटार नाही आणि मोटारीच्या वस्तूही नाहीत. ती खुंटी बघितली की कोणीही म्हणणार, आज खुंटी आली, उद्या भोक येईल आणि परवा भोकाभोवती मोटार. तासभर तो ती खुंटी बोटांत फिरवत राहिला. मग त्यानं कातरपक्कड घेतली, तार खुंटीच्या मागे बोटभर अंतरावर धरली आणि कचकन तोडली.

"शेपूट कापलं," तो घराकडे बघून ओरडला. "आता हे मोटारीचं नाही!"

खुंटी त्यानं शेगडीत टाकली. कापलेल्या तारेची टोकं सोलली, त्यांना दोन चिमटे बसवले आणि बग्गीची जुनी बॅटरी टेबलाखाली ठेवून तिला ते लावले. समोर ओर्फाचीच सायकल होती. नळी व्हॉल्व्हला अडकवून त्यानं बटण दाबलं.

डबी घुरघुरायला लागली. टेबल थरथरलं, टेबलावरचे नटबोल्ट चुळबुळले आणि बसलेला टायर हळूहळू उठायला लागला. फर्मन पुढं वाकून बघत होता. चाळीस वर्षं तो टायर भरत आला होता, पण टायर भरताना त्यानं कधी बघितलाच नव्हता. त्याची मान तेव्हा पंपावर खाली असायची. रबराच्या सुरकुत्या गेल्या, कडा रिममध्ये बसली, चाकानं जमिनीवरून अंग उचललं. त्यानं बटण बंद केलं, अंगठा टेकवला, आणि अजून थोडी मारून पुन्हा टेकवला. पुरे. स्वतः मारली, स्वतः पुरे म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, आणि तो उगाचच रुमालानं नाक शिंकरत बसला.

पुढचे तीन आठवडे सुखाचे गेले. सप्टेंबरचं धुकं सकाळी शेतावर उतरायचं आणि त्यातून सायकली ढकलत माणसं यायची. आधी चाकांची करकर ऐकू यायची, मग टोपी दिसायची, मग माणूस. कोणी पंपाकडे हात नेला की फर्मन म्हणायचा, "ठेव तो. तू बस." लोकांना बसायला त्यानं एक बाकही मांडला. डबी घुरघुरायची आणि बाकावरचे लोक त्या आवाजानं गुंगून जायचे, बोलता बोलता थांबायचे, धुक्याकडे बघत राहायचे. कोणाला घाई उरायची नाही. तार पायांत येऊ नये म्हणून फर्मन ती टेबलावर बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात अलगद धरून ठेवायचा. नीटनेटका माणूस.

डीकन उरा मास्टही एकदा आला. मंडळीतल्या कुरबुरी घरोघर पोचवायचं काम डीकनकडे असतं, त्यामुळे तो दारात दिसला की माणसं आधी स्वतःचे हिशोब आठवतात. उराची सायकल पुढून बसली होती.

"हे मोटारीचं ना?" त्यानं डबीकडे हनुवटी केली.

"होतं. शेपूट कापलं मी."

"हं," उरा म्हणाला. घुरघूर थांबेपर्यंत तो टायरकडे बघत राहिला. "आवाज जरा जास्तच करतं."

"तुझ्या खेचरापेक्षा कमी."

उरा हसला, पण सायकलवर बसताना त्यानं पुन्हा एकदा वळून बघितलं.

मग ती मंगळवारची दुपार आली. एका माणसानं सामान ओढायची सायकलगाडी आणली होती, जाड चाकांची, भरायला वेळ घेणारी. "सावकाश होऊ दे," म्हणून तो शेजारी गेला. फर्मननं बटण दाबलं आणि खुर्चीत टेकला. डबी घुरघुरत होती, मका वाजत होता. त्याला वाटलं, दोन मिनिटं डोळे मिटू. सायकल मक्यातून निघाली. आज पुढं कोणीतरी पाचोळा पेटवला होता, त्याचा वास येत होता, आणि तो त्या वासाच्या दिशेनं चालला होता. चांगलं वाटत होतं. कोणीतरी त्याच्या नावानं हाका मारत होतं, ते त्याला ऐकू येत होतं, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

"फर्मन! ऊठ! अरे ऊठ!"

व्हाइसच्या दातांत तीन आठवडे थरथरून तारेचं वरचं आवरण झिजलं होतं. आतल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या. चिमट्यांपासून व्हाइसपर्यंत सगळी तार लाल झाली होती, तिचं प्लास्टिक टेबलावर गळत होतं आणि तेलाच्या चिंध्या पेटल्या होत्या. ओर्फानं टेबलाखाली हात घालून चिमटा ओढला. मग ट्यूब बुडवून बघायचं पाण्याचं घमेलं उचललं आणि सगळं पाणी टेबलावर ओतलं. क्षणात झालं सगळं. फर्मन खुर्चीतून पुरता उठलाही नव्हता.

ती दाराला टेकून उभी राहिली. उजव्या तळहातावर चिमट्याचे दात उमटले होते, कातडी पांढरी पडली होती.

"दाखव," तो म्हणाला.

"काही नाही झालं."

"ओर्फा, दाखव ना."

"तू आधी बस!" ती ओरडली. "कोणी उठायला सांगितलं तुला?"

शेजारच्या बाईनं येऊन मधाचं मलम लावलं, वर बर्डॉक नावाच्या रानपाल्याची वाफवलेली पानं गुंडाळून पट्टी बांधली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. बिचाऱ्यांनी जेवणाच्या थाळ्या पाठवल्या, शेगडीची लाकडं फोडून दिली. सगळं आलं, फक्त सायकली यायच्या थांबल्या.

शनिवारी उरा आला तो टोपी हातात घेऊनच. स्वयंपाकघरात बसला. ओर्फानं डाव्या हातानं कॉफी ओतली, थोडी टेबलावर सांडली आणि कोणीही ती पुसली नाही.

"बिशपशी बोललो मी," उरा म्हणाला. "कोणी रागावलेलं नाही, फर्मन. पण ते यंत्र बाजूला ठेवावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मोटारीचं ते मोटारीचं. आणि आम्ही तुला वाऱ्यावर नाही सोडत. मंडळीतल्या भावांनी पाळी लावून घेतलीय. रोज सकाळी एक जण येऊन तुझी हवा मारून जाईल. सोमवारी मी, मंगळवारी ट्रेव्हाचा बाप लॅम्ब्राइट, असं. तुला काही बघायला नको."

फर्मन कपाकडे बघत होता. नाही कसं म्हणणार? आपल्याला भावांची मदत नको, असं म्हणणं म्हणजे गर्व, आणि गर्वासारखं वाईट त्यांच्यात दुसरं काही नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "देव तुमचं भलं करो."

"पुढच्या रविवारी एकमताची सभा आहे, तेव्हा बिशप हे मांडेल. तू तेव्हा एकमत दिलंस की झालं."

"देईन."

ओर्फानं कॉफीचं भांडं शेगडीवर आदळलं. उरा दचकला. "हात दुखतोय तिचा," फर्मन म्हणाला.

सोमवारी उरा, मंगळवारी लॅम्ब्राइट. सायकली पुन्हा आल्या. माणूस यायचा, हवा मारायचा, हात झटकायचा आणि "अजून काही?" म्हणून विचारायचा. फर्मन म्हणायचा, "नाही, नाही, फार झालं." तीन दिवसांत हे शब्द त्यानं इतक्यांदा म्हटले की दुपारच्या झोपेतही तो तेच पुटपुटायला लागला. झोपेतल्या सायकलचे टायर आता बसलेले असायचे आणि मक्यात कोणीतरी उभं असायचं, पंप घेऊन, हसत.

गुरुवारी त्याला तपासणीला न्यायला डेल प्रुइट आला. डेल इंग्लिश, म्हणजे त्यांच्यातला नाही, बाहेरचा. म्हातारपणी तो स्वतःच्या व्हॅनमधून आमिश लोकांना इस्पितळात नेआण करायचा आणि वाटेत अखंड बडबडायचा. फर्मन कोट चढवत होता तेवढ्यात तो शेडमध्ये डोकावला आणि जळकी तार उचलून बघायला लागला.

"ह्याचा प्लग कुठाय?"

"कापला मी. शेगडीत टाकला."

"कापलास?" डेलनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, फ्यूज त्या प्लगमध्येच असतो! टोकाची टोपी फिरवली की आत काचेची नळी निघते, एवढीशी. तार तापली की ती जळते आणि सगळं बंद पडतं. तू नेमकं तेच तोडलंस?"

"मोटारीचं शेपूट म्हणून तोडलं मी ते," फर्मन म्हणाला.

आणि मग फर्मनला हसू आलं. छाती दुखत होती, उशी हाताशी नव्हती, तरी तो हसत राहिला. सगळ्या वस्तीत एकानं तरी कधी मोटार ठेवली असती, तर कोणीतरी म्हटलं असतं की थांब बाबा. आपण सोवळेपणानं जे तोडून टाकलं, नेमकी राखण तिथं बसली होती. "मग आता नवा बसवता येतो?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"पोराटोरांचं काम आहे. पंधरा अँपिअरचा घे, बॅटरीजवळच्या टोकाला बसव."

व्हॅन निघाली तेव्हा फर्मनचं हसू ओसरलं होतं. फ्यूज बसवता येत होता, पण त्यानं शब्द दिलेला होता. ओर्फा मागच्या सीटवर बसली होती. शेडच्या दारातून तिनं सगळं ऐकलं होतं आणि इस्पितळ येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती.

एकमताची सभा उरा मास्टच्या बग्गीच्या शेडमध्ये भरली. बग्ग्या बाहेर, आत बाक. एका बाजूला पुरुष, समोर बायका. ही सभा साधी नव्हे. वर्षातून दोनदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, त्याआधी ही सभा. नियम एकेक वाचून सांगायचे आणि मग प्रत्येकाकडे जाऊन विचारायचं, तुझं एकमत आहे का? एकाचंही नसलं तर प्रभुभोजन पुढं ढकलायचं, सगळ्यांचं. त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही. फर्मनच्या उभ्या आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

स्तोत्रं फार संथ, एकेक शब्द घासभर चावून गायची. त्यात फर्मनचे डोळे मिटले. बाहेर घोडे माशा वारत होते, उघड्या दारातून कापलेल्या मक्याचा वास येत होता. बिशप एनोस बोलत होता. त्याचा आवाज कधी जवळ यायचा, कधी पार शेताच्या कडेला जायचा. कपड्यांची लांबी. तरुणांचे फोन. मग जवळ आला. "...आणि आपल्या फर्मनभावाचं हवेचं यंत्र. ते त्यानं मोठ्या मनानं बाजूला ठेवलंय. भाऊ त्याला हातभार लावतायत. देवाची कृपा."

बिशप पुरुषांच्या रांगेतून निघाला. "आहे," "आहे," "माझं आहे." फर्मनपाशी आला.

"एकमत?"

"आहे," फर्मन पुटपुटला. सोपं गेलं.

बायकांकडे उरा गेला होता. तिकडची कुजबुज फर्मनला नुसती पानांच्या सळसळीसारखी ऐकू येत होती, आणि मग ती एके ठिकाणी थांबली. फर्मननं डोळे उघडले. उरा ओर्फासमोर वाकून उभा होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ती त्याला काहीतरी सांगत होती. उरानं मान हलवली. ती पुन्हा बोलली.

उरा परत आला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काय मिळालं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, अशी रीत आहे.

"बहिणींचं एकमत आहे," तो म्हणाला आणि घसा खाकरला. "एक सोडून. ओर्फा विंगार्ड म्हणते..." त्यानं छताकडे बघितलं. "म्हणते की, माझं एकमत नाही. रोज एक जण येऊन हवा मारतो आणि माझा नवरा खुर्चीत बसून उपकार मानतो. डॉक्टरांनी त्याची छाती कशीबशी जोडलीय. तुम्ही ती चांगुलपणानं फोडताय. मी ह्याला हो म्हणणार नाही."



फर्मनला जमीन दुभंगावी असं झालं. घरातली गोष्ट हिनं दोनशे माणसांपुढं मांडली. आणि त्याच क्षणी त्याला तिच्याबद्दल माया दाटून आली. ती समोर एकटी बसली होती, मान खाली. शेजारच्या बायकांनी नकळत अंग चोरून घेतलं होतं. तिचं प्रभुभोजन गेलं, सगळ्यांचं गेलं, आणि ते तिनं त्याच्यासाठी घालवलं होतं. पाच मिनिटांपूर्वी ह्यानं "आहे" म्हणून तिला तिथं एकटी पाडली होती.

तो उठला. पुढच्या बाकाची पाठ धरून उठला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला. "आत्ता मघाशी. एकमत आहे म्हणालो, ते नाही. मला माणूस नको, एनोस. तुम्ही सगळे चांगले आहात. पण मला काम पाहिजे. गर्व असेल तर तो माझा, तिचा नाही."

बिशपनं दाढी कुरवाळली. "आणि पुन्हा आग लागली तर?"

"फ्यूज बसवीन."

"म्हणजे काय?"

फर्मननं सांगितलं. शेपूट कसं कापलं, राखण त्यातच कशी होती, हे आपल्याला कसं ठाऊक नव्हतं, तेही सांगितलं. सांगताना दम लागत होता, मध्ये थांबत होता. पण पुरुषांच्या बाकांवर आता माना पुढं आल्या होत्या. हे सगळे सुतार, लोहार, कारखान्यात यंत्रं हाताळणारे लोक. बिघाड ऐकला की त्यांना राहवत नाही.

"काचेची नळी?" मागून कोणीतरी विचारलं.

"किती अँपिअरची?"

"बॅटरीकडच्या टोकाला की डबीकडच्या?"

"बॅटरीकडच्या," लॅम्ब्राइट म्हणाला. "नाहीतर तार जळणारच ना!"

"भावांनो!" बिशप म्हणाला, आणि ते गप्प झाले. खाली बघून एक-दोघं हसले. बिशपही ओठ दाबून उभा होता. मग त्यानं ओर्फाकडे बघितलं, तिच्या पट्टीकडे, आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"हात तिचा भाजला," तो म्हणाला, "आणि तीच सांगते आहे की ते यंत्र त्याला द्या. मग आपण कशाला भ्यायचं?" तो थांबला. "पुन्हा विचारू. फ्यूज बसवून, बग्गीच्या बॅटरीवर, त्याच्या शेडपुरतं. उरा, ह्या वेळी बहिणींकडून सुरू कर. बोलणं तिथून निघालंय."

उरा गेला. फर्मन खाली बसला. ओर्फाकडे त्यानं बघितलं नाही, हिंमतच झाली नाही. त्यानं डोळे मिटले आणि ऐकत राहिला. बायकांची कुजबुज एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत होती आणि ह्या वेळी कुठंही थांबली नाही. मग पुरुषांकडे आली. आहे. आहे. माझी हरकत नाही. आहे. एक म्हातारा बहिरा होता, त्याला दोनदा विचारावं लागलं. आवाज जवळ जवळ येत होते.

शेवटी बूट त्याच्यासमोर थांबले.

"फर्मन," बिशप म्हणाला. "तू राहिलास. एकमत?"

फर्मननं मान डोलवली.

"मान नको," बिशप हळूच म्हणाला. "शब्द लागतो."

फर्मन पुन्हा उठला. ह्या वेळी त्यानं बाक धरला नाही. छातीत मावेल तेवढा श्वास घेतला. छातीतल्या तारा ताणल्या, दुखलं, तरी घेतला.

"आहे!" तो म्हणाला, आणि ते बाहेर बांधलेल्या घोड्यांपर्यंत ऐकू गेलं.